भुलेश्वर ते परळ : जयणेची एक वाट

चर्नी रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे गिरगाव ओलांडले की सी. पी. टँकपाशी भुलेश्वरचा बाजार लागतो. देवांचे पोशाख, फुलांचे हार, बांगड्या, लग्नपत्रिका, फरसाण अशा दुकानांमधून हातगाड्या वाट काढत असतात. काळबादेवी, झवेरी बाजार आणि मंगळदास मार्केट येथून हाकेच्या अंतरावर. मुंबईत आलेल्या कितीतरी जैन घराण्यांची पहिली पेढी याच परिसरात उघडली. या दाटीच्या मधोमध एक दरवाजा असा आहे की, त्याच्या आत बाजारभाव चालत नाही. आत गाई आहेत, वासरे आहेत, पक्षी आहेत. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी चारा घालायला येणारी माणसे आहेत. बाहेरच्या रस्त्यावर एका चौरस फुटाला सोन्याचा भाव असताना येथे दूध आटलेल्या गाईला आडवे पडायला जागा मिळते. हा मुंबईचा पांजरपोळ.

त्याच्या जन्माची कथा मात्र गाईंपासून सुरू होत नाही. ती कुत्र्यांपासून सुरू होते. १८३२ साली ब्रिटिश प्रशासनाने शहरातील भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली आणि मुंबईने आपली एक जुनी दंगल पाहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील जैन व हिंदू व्यापारी यांनी मिळून ही संस्था उभी केली. मारण्यासाठी धरलेल्या जनावरांना ठेवायला जागा हवी होती, ती व्यापाऱ्यांनी दिली. मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने 'लागा' बसवून जीवदयेचा खर्च भागवण्याची पश्चिम भारतातील महाजनांची रीत जुनी होती. पुढे शहर वाढले तसे जनावरांसाठी बाहेर जागा घेतल्या गेल्या. पूर्व मुक्तमार्ग चेंबूरकडे जेथे उतरतो, त्या चौकाला आजही 'पांजरपोळ' असेच म्हणतात. मोटारीतून जाणाऱ्या कितीजणांना त्या नावामागचा इतिहास ठाऊक असतो, हा प्रश्न वेगळा.

जीवदया म्हणजे काय, याचे उत्तर भुलेश्वरच्या त्या दरवाजात फार सोपे होते. जागा, चारा, पाणी आणि नैसर्गिक मरण येईपर्यंत सांभाळ. मोडलेल्या पायाच्या जनावराला तेथे आसरा मिळे. पाय मात्र मोडलेलाच राही. गेल्या काही वर्षांत या उत्तरात नवी भर पडली आहे. लंगडणाऱ्या जनावराच्या पायाला बाहेरून आधार देणारे साधन, ज्याला वैद्यकीय भाषेत ऑर्थोसिस म्हणतात, ते आता संगणकावर आखून, थर थर चढवत छापून तयार करता येते. भुलेश्वरपासून परळपर्यंतचे काही किलोमीटरचे अंतर चालून गेले, तर जुन्या उत्तरापासून या नव्या उत्तरापर्यंतची वाट डोळ्यांसमोर उलगडते. नव्या उत्तरातील सर्वांत अवघड जागा कोणती, हेही त्या वाटेवर समजते. ती जागा यंत्रात नाही आणि पैशातही नाही. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या, केसाहून बारीक अशा एका फटीत ती आहे.

हाजी अली

भुलेश्वरहून उत्तरेला महालक्ष्मीकडे जाताना हाजी अलीजवळ एक मोठी शासकीय संस्था लागते. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे तिचे नाव. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत अपंग माणसांसाठी कृत्रिम अवयव आणि आधारसाधने तयार होतात आणि ती करणारे तंत्रज्ञही घडवले जातात. प्राण्यांच्या साधनांचा विचार करण्यापूर्वी येथे क्षणभर थांबणे योग्य ठरते, कारण कलेचे मूळ माणसांसाठी झालेल्या कामातच आहे.

दोन शब्दांतला भेद आधी स्पष्ट व्हायला हवा. गेलेल्या अवयवाच्या जागी बसवतात तो कृत्रिम अवयव, म्हणजे प्रोस्थेसिस. असलेल्या पण दुबळ्या झालेल्या अवयवाला सावरते ती ऑर्थोसिस. पहिल्या प्रकाराशी जैन समाजाचा परिचय जुना आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून जयपूर फूट आकाराला आला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो देशोदेशीच्या गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवला. त्या कथेत एक कारागीर आणि एक शल्यविशारद बरोबरीने उभे आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आधारसाधन तयार करण्याची परंपरागत पद्धत अशी. पायाभोवती प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. साचा सुकल्यावर कापून काढतात, त्यात पुन्हा प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती मिळवतात. मग खरे काम सुरू होते. जेथे कातडीखाली लगेच हाड आहे तेथे तंत्रज्ञ प्रतिकृतीवर प्लास्टरचा लेप चढवतो, म्हणजे तयार साधन त्या जागी थोडे सैल राहील. जेथे मांस आहे, भार सोसण्याची ताकद आहे, तेथे तो प्लास्टर किंचित तासतो. साच्यात भेग राहिली असेल, एखादा खड्डा पडला असेल, तर तो बोटाने चाचपून, कानशीने घासून दुरुस्त करतो. त्याच्या बोटांना ठाऊक असते की ही भेग साच्याची आहे, आणि हा उंचवटा रुग्णाच्या हाडाचा.

हे सारे ज्ञान बोटांत होते. संगणकाच्या पडद्याला बोटे नसतात. पुढची सारी अडचण येथून उगवते.

परळ

महालक्ष्मीतच २०२४ साली टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. तेथून परळला पोहोचले की मुंबईच्या आरोग्याचा जुना गाभा लागतो. के. ई. एम., वाडिया, टाटा मेमोरियल ही माणसांची रुग्णालये आणि त्यांच्याच शेजारी जनावरांचे जुने रुग्णालय. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात ते उभे राहिले. त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव त्याला आहे. १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही येथेच सुरू झाले. पांजरपोळात जनावराला आसरा मिळाला होता, परळमध्ये त्याला वैद्य मिळाला. दोन्ही ठिकाणी पैसा व्यापाऱ्यांचा होता.

पशुवैद्याकडे येणाऱ्या लंगड्या कुत्र्यांमध्ये एक दुखणे वारंवार दिसते. कुत्रा उंचावरून उडी मारतो, पुढच्या पायांवर आदळतो आणि मनगटाच्या मागील बाजूचे बंध फाटतात. उभे राहताना मनगट खचते. जो पाय पंजावर उभा राहायचा, तो जवळजवळ तळहातासारखा जमिनीला टेकतो. अशा वेळी सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जोडून टाकणे हा मान्य उपाय आहे. परंतु जनावर वृद्ध असेल, हृदय वा मूत्रपिंड भूल सोसण्याजोगे नसेल, तर बाहेरून आधार देण्याचा मार्ग उरतो. मागच्या पायाचा घोटा, गुडघ्यातील तुटलेला बंध, चेतातंतूंच्या दुखापतीमुळे मुडपणारा पंजा अशा इतर प्रसंगीही ऑर्थोसिसचा विचार होतो.

माणूस आणि कुत्रा यांच्यात येथे एक मोठा फरक आहे. माणूस साधन घालताच सांगतो, "येथे टोचते." कुत्रा सांगत नाही. तो चाटतो, चावतो, पाय उचलून धरतो किंवा निमूटपणे सोसतो. त्याच्या कातडीवर केस असतात, त्यामुळे लाल झालेली जागा वरून दिसतही नाही. केस बाजूला सारून कोणी पाहिले नाही, तर लालसर जागेची जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून प्राण्याच्या साधनात चूक सापडण्याची वेळ साधन तयार होण्याच्या आधीची असावी लागते. त्यासाठी वाट आता रुग्णालयातून निघून कारखान्यांच्या बाजूला वळते.

गाळा

मुंबईच्या औद्योगिक वसाहतींमध्ये, जेथे एके काळी सुटे भाग, छपाई आणि प्लास्टिकचे साचे यांचे उद्योग दाटीने चालत, तेथे आता थ्रीडी छपाईचे गाळेही दिसतात. अशा गाळ्यात यंत्रांची घरघर मंद असते. एका टेबलावर मोठा पडदा, शेजारी स्कॅनर, मापाचे कॅलिपर, फोमचे तुकडे, वेल्क्रोच्या पट्ट्या. उदाहरणादाखल नऊ वर्षांची एक लॅब्रडॉर कुत्री घ्यावी, जिचे उजवे मनगट खचले आहे आणि जिला भूल देता येत नाही. तिच्या पायाचा साचा पशुवैद्याने घेतला, तो उभा कापून काढला, पुन्हा जुळवून चिकटवला आणि गाळ्यात पाठवला. स्कॅनरने त्याची आतील बाजू टिपली.

स्कॅनर टिपतो ते लक्षावधी बिंदू. संगणक शेजारशेजारचे बिंदू जोडून त्रिकोणांची एक जाळी विणतो. त्या जाळीवरून कॅड प्रणालीत गुळगुळीत पृष्ठभागांचे तुकडे बेततात आणि ते तुकडे शिंप्याने कापड शिवावे तसे कडेला कड लावून जोडतात. नियम एकच आहे. जाळीतील प्रत्येक कडेला बरोबर दोन त्रिकोण लागून असले पाहिजेत, एक कडेच्या अलीकडे, एक पलीकडे. एखाद्या कडेला एकच त्रिकोण असेल तर ती कड उघडी आहे, म्हणजे तेथे फट आहे. सर्व कडांचे जोडीदार सापडले की आकार बंद होतो आणि तेव्हाच संगणक त्याला घन वस्तू मानतो. तोवर ते नुसते पातळ कवच, ज्याला आत-बाहेर नाही.

फट राहण्याची कारणे अनेक. साचा कापला त्या रेषेवर स्कॅनमध्ये लांबच लांब चीर राहते. मनगटाच्या मागील खोलगट भागात स्कॅनरचा प्रकाश पोहोचत नाही, तेथे भोक पडते. साच्याऐवजी जिवंत पायाचे स्कॅन केले असेल तर काळे केस प्रकाश गिळतात आणि कुत्री श्वास घेताना हलते, म्हणून एकाच जागेचे दोन थर उमटतात. एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत फाइल नेताना दोघींच्या अचूकतेच्या मर्यादा जुळत नाहीत आणि कालपर्यंत जुळलेल्या कडा आज विलग होतात. छपाईसाठी सर्वत्र वापरली जाणारी एसटीएल फाइल तर १९८० च्या दशकात या तंत्राबरोबरच जन्मली. तिच्यात प्रत्येक त्रिकोण स्वतंत्रपणे लिहिलेला असतो, त्याचा शेजारी कोण याची नोंदच नसते. आकडे किंचित इकडेतिकडे झाले की शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत.

इतक्या बारीक फटीने बिघडते काय? छपाईचे यंत्र आकाराचे आडवे थर पाडते. पंधरा सेंटिमीटर उंचीचे साधन आणि ०.२ मिलिमीटरचा थर धरला, तर ७५० थर होतात. प्रत्येक थरात बाह्यरेषा बंद वर्तुळासारखी पूर्ण हवी, कारण तिच्यावरूनच साहित्य कोठे भरायचे आणि कोठे नाही हे यंत्र ठरवते. रेषा उघडी राहिली की यंत्राचा गोंधळ होतो. कधी तो थर रिकामा सोडला जातो, कधी भलत्याच जागी भरला जातो. कुत्रीचे सारे वजन जेथे येणार, नेमक्या तेथे कवच पोकळ निघू शकते. शिवाय आतील पृष्ठभागाबाहेर फोमच्या अस्तरासाठी आणि कवचाच्या जाडीसाठी काही मिलिमीटर अंतर सोडून दुसरा पृष्ठभाग आखावा लागतो. मूळ पृष्ठभागच तुटका असेल तर हे अंतर सोडण्याची आज्ञा अपयशी ठरते किंवा सुरकुत्या पाडते. म्हणून फटी बुजवणे टाळता येत नाही.

प्रश्न आहे तो त्या कशा बुजवायच्या हा.

कसर आणि उचंत

व्यापारी घरातील वाचकाला हा प्रश्न समजायला कॅड शिकावे लागणार नाही. वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही, जमा आणि नावे यांत फरक येतो, तेव्हा पेढीवर जे घडते तेच येथे घडते. फरक दोन प्रकारे मिटवता येतो. एक, रात्र जागून चोपड्या उलटून मूळ नोंद शोधणे. दुसरा, फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून तेरीज बंद करणे. तेरीज दोन्ही प्रकारांत जुळते. पहिल्यात हिशेब जुळलेला असतो. दुसऱ्यात जुळल्यासारखा दिसतो.

अनेक कॅड आणि जाळी-दुरुस्तीच्या प्रणालींत फटी आपोआप बुजवणारे एक बटण असते. ते उचंत खाते आहे. दाबले की सर्व उघड्या कडा नाहीशा होतात, पडद्यावरचा इशारा जातो, घन वस्तू तयार होते. भोकावर संगणकाने काय ताणले आहे, हे मात्र तपासल्याशिवाय कळत नाही.

लॅब्रडॉरच्या मनगटाचेच पाहावे. मनगटाच्या मागील बाजूस एक छोटे हाड बाहेर आलेले असते. त्यावर मांस नसते, पातळ कातडी तेवढी असते. स्कॅनमधले भोक नेमके तेथेच आहे, अंगठ्याच्या ठशाएवढे, कारण साचा तेथे खोलगट होता. बटण दाबल्यावर संगणक भोकाच्या कडेवरून कडेवर ढोलाच्या कातड्यासारखा सपाट पडदा ताणतो. पडदा सुबक दिसतो. पण कुत्रीच्या पायावर तेथे उंचवटा आहे, आणि साधनाच्या आतील भिंतीत त्याच्यासाठी खळगा उरलेला नाही. दोन-तीन मिलिमीटरचा फरक. दर पावलाला हाड त्या सपाट भिंतीवर आदळेल. काही दिवसांत तेथील केस झडतील, कातडी ओलसर होईल, मग फुटेल.

जाणता कारागीर म्हणूनच एक क्रम पाळतो. प्रथम तो सर्व उघड्या कडा रंगात दाखवायला सांगतो आणि प्रत्येक फटीचे माप घेतो. मग तो विचारतो की, ही फट पायाच्या कोणत्या भागावर आहे. दोन पृष्ठभागांमधील ०.०३ मिलिमीटरची चीर बाहेरच्या बाजूस असेल, तर ती माणसाच्या केसाहूनही बारीक आहे. तेथे जुळणीची मर्यादा ०.०१ वरून ०.०५ केली आणि शिवण घातली तर कोणाचेही नुकसान नाही. पेढीवर मालकाच्या संमतीने चार आण्यांची कसर सोडावी तसे हे आहे. पण तीच मर्यादा एक मिलिमीटरपर्यंत वाढवून सारे एकदम शिवून टाकले, तर कडेला दिलेली बारीक गोलाई, जिच्यामुळे काठ कातडीत रुतत नाही, तीच शिवणीत गिळली जाते. कसर सोडण्याचा अधिकार कारागिराला आहे, पण कोठे आणि किती, हे त्याने लिहून ठेवले पाहिजे.

फट मोठी असेल तर तो दोन्ही कडा थोड्या वाढवून, एकमेकींवर आणून, नव्याने छाटतो आणि मग जोडतो. भोक असेल तर भोवतालच्या वळणाशी जुळणारा तुकडा घालतो, म्हणजे कडेपाशी नुसता स्पर्श होऊन भागत नाही, उतारही तोच राहावा लागतो. नाहीतर जोडावर अदृश्य उंबरा तयार होतो आणि तो बोटाला लागत नसला तरी घासणाऱ्या कातडीला लागतो. साच्याच्या कापाची चीर जोडताना तो मूळ पायाचा घेर तपासतो, कारण साचा चिकटवताना दोन मिलिमीटर फाकला असेल तर संपूर्ण साधन तेवढ्या घेराने सैल होईल आणि सैल साधन घट्ट साधनाइतकेच घासते. शेवटी पृष्ठभागाच्या सर्व तुकड्यांची बाहेरची बाजू खरोखर बाहेर आहे ना, हे तो पाहतो. उलटा शिवलेला तुकडा छपाईत भिंतीऐवजी पोकळी निर्माण करू शकतो.

आणि भोक हाडावर असेल तर? तेव्हा संगणकाकडे उत्तर नाही. माहितीच नाही तेथे गणित काय करणार? तेव्हा कारागीर फोन उचलतो. कुत्रीला पुन्हा आणावे लागते, किंवा पशुवैद्याने कॅलिपरने त्या उंचवट्याची रुंदी आणि उंची मोजून कळवावी लागते, किंवा तेवढ्याच भागाचा नवा साचा घ्यावा लागतो. मग त्या मापावरून तुकडा घातला जातो आणि हाजी अलीच्या जुन्या रीतीप्रमाणे हाडावर थोडी अधिक मोकळीक सोडली जाते. यात एक-दोन दिवस जातात. मालकाला ते आवडत नाही, कारण कुत्री लंगडते आहे. गाळ्यालाही परवडत नाही, कारण दर तेवढाच मिळतो. बटण मात्र समोरच असते.

अतिचार

या टप्प्यावर जैन वाचकाला एक जुनी यादी आठवावी. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. बैल, घोडे, गाई बाळगणाऱ्या गृहस्थासाठी ही यादी किती नेमकी होती, हे उघड आहे. जनावर घट्ट बांधू नये, मारू नये, त्याचे अंग वा कातडी छेदू नये, सोसवेल त्याहून अधिक भार लादू नये, अन्नपाणी तोडू नये. बैलगाड्यांचा काळ सरला तशी ही यादी केवळ पाठांतरात उरली, असे वाटू शकते. ऑर्थोसिसच्या टेबलावर ती पुन्हा जिवंत होते. पट्टा प्रमाणाबाहेर आवळला तर तो बंध. गोलाई गिळलेल्या काठाने कातडी फुटली तर तो छविच्छेद. पोकळ कवच वाकून सारे वजन दुखऱ्या सांध्यावर आले तर तो अतिभार. आणि हे सर्व करणाऱ्याच्या मनात द्वेषाचा लवलेश नसतो, उलट त्याला जनावराला चालते करायचे असते.

येथेच जैन विचाराची सूक्ष्मता कामी येते. हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी नुसत्या क्रोधावर बोट ठेवले नाही, प्रमादावरही ठेवले. बेसावधपणातून झालेली पीडा हीसुद्धा हिंसाच. त्यावर उपाय म्हणून सांगितली ती जयणा, म्हणजे प्रत्येक कृतीतील जागरूकता. पाहून चालावे, पाहून वस्तू उचलावी, पाहून ठेवावी. जमिनीवरच्या मुंगीसाठी जी नजर खाली वळते, तीच नजर पडद्यावरच्या उघड्या कडेकडे वळली पाहिजे. करुणा साधन तयार करण्याची प्रेरणा देते. ते साधन जनावराला सुखकर होते ते जयणेमुळे.

संगणक आणि छपाईमुळे प्लास्टरची जुनी पद्धत कालबाह्य झाली, असेही समजू नये. कुशल हात असतील तेथे ती आजही उत्तम काम देते. नव्या पद्धतीचा लाभ इतकाच की, आकार जपून ठेवता येतो, पट्टा तुटला वा जनावराचे वजन बदलले तर त्याच फाइलवरून दुरुस्त साधन करता येते आणि माप दूर गावी पाठवता येते. सांगलीच्या शेतकऱ्याच्या कुत्र्यासाठी मुंबईत आखणी होऊ शकते. मात्र अंतर वाढले की बोटांचा स्पर्श आणखी दुरावतो, आणि फटीविषयीची सावधगिरी त्या प्रमाणात वाढवावी लागते.

दात्याने विचारायचे चार प्रश्न

जीवदयेच्या खात्यातून अशा साधनांसाठी निधी देण्याची इच्छा असलेल्या विश्वस्तांना आणि कुटुंबांना हे तंत्र शिकण्याची गरज नाही. माल घेताना व्यापारी जसे प्रश्न विचारतो, तसे चार प्रश्न पुरे आहेत.

पहिला : माप कोणी घेतले आणि पशुवैद्याने तपासून ऑर्थोसिस योग्य ठरवली का? शस्त्रक्रियेने बरा होणारा पाय केवळ सोयीसाठी पट्ट्यात अडकवू नये.

दुसरा : आकारातील फटी आणि भोके कोठे होती, आणि ती कशावरून बुजवली? चांगला कारागीर या प्रश्नाने चिडणार नाही. तो पडद्यावर जागा दाखवील आणि हाडावरच्या भागासाठी घेतलेले माप सांगील. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याने बहुधा बटण दाबले आहे.

तिसरा : घालण्याची सवय कशी लावायची, हे लिहून दिले आहे का? पहिल्या दिवशी थोडाच वेळ, मग हळूहळू वाढ, प्रत्येक वेळी काढल्यावर केस बाजूला सारून कातडीची पाहणी. लाली लवकर मावळत नसेल तर साधन परत गाळ्याकडे. विश्रांतीच्या वेळी पाय मोकळा. दुरुस्तीसाठी परत आलेले साधन म्हणजे अपयश नव्हे, तो कामाचाच एक भाग आहे.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण : हे साधन रोज कोण घालील आणि कोण काढील? घरातील कुत्रीसाठी याचे उत्तर घरात असते. रस्त्यावरच्या किंवा आश्रयस्थानातील जनावरासाठी ते आधी शोधावे लागते. घालून विसरलेली ऑर्थोसिस ओली होते, तिच्यात माती आणि घाम साठतो, पट्टा सुजलेल्या पायात रुततो. ज्या जनावराला रोज हात लावणारे कोणी नाही, त्याला जुन्या रीतीने मऊ जमीन, चारा आणि कोरडी जागा देणे हीच अधिक दया ठरते. साधन देणगीत देता येते, रोजचा हात देणगीत देता येत नाही. तो कोणीतरी स्वतः द्यावा लागतो.

भुलेश्वरच्या पांजरपोळाने जवळजवळ दोन शतके जो धडा दिला, तो चाऱ्याच्या हिशेबाइतकाच हजेरीचा आहे. तेथे पैसे देणारे होते, आणि पहाटे उठून गोठा झाडणारेही होते. परळच्या रुग्णालयाला देणगीदार मिळाला, तसेच रात्रपाळीचे मदतनीसही मिळाले. नव्या गाळ्यातील कामालाही असेच दोन हात लागतात, एक देणारा आणि एक पाहणारा. लॅब्रडॉर कुत्री जेव्हा छापलेले कवच घालून पहिली चार पावले टाकते, तेव्हा सर्वांचे लक्ष तिच्या सरळ उभ्या राहिलेल्या मनगटाकडे असते. कारागिराचे लक्ष मात्र कवच काढल्यानंतर उघड्या झालेल्या, मागच्या हाडावरच्या त्या अंगठ्याएवढ्या जागेकडे असते. केस बाजूला सारले जातात. कातडी कोरडी आणि नेहमीच्या रंगाची आहे. त्याच्या दृष्टीने तेरीज तेव्हा जुळते.